ओकोरो काकांच्या ताटलीतली सुपारी

शुगर लँड, टेक्सास
ऑक्टोबर १९८७

तीर्थस्वरूप अक्कास,

पत्राच्या डोक्यावर शिरसाष्टांग नमस्कार लिहायचा असतो हे मी विसरलेलो नाही. पण यंदा तो शब्द लिहायला घेतला की माझी बरगडी दुखते (का दुखते ते पुढे येईलच), म्हणून तूर्त नुसते हात जोडून भागवतो. तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिना बंद केल्यावर गच्चीवर सांडगे घालायला कोणाला पाठवतेस, की अजून स्वतःच चढतेस? भाऊजींचा खोकला थांबला का? इथे शरयू ठीक आहे, फक्त गेल्या शनिवारपासून माझ्याकडे पाहून मध्येच हसते, ते थांबत नाही. हवा अजून दमट आहे. तेलाचे भाव पडल्यापासून ऑफिसात काम कमी आणि पुढचा नंबर कोणाचा याची कुजबुज जास्त. माझी नोकरी अजून आहे.

आता मुद्द्यावर येतो, म्हणजे येईन. तुझं पत्र मिळालं. त्यात ना खुशाली, ना आशीर्वाद. उत्तराला समजाव, त्या मुलाच्या घरी जा, चहा पी आणि सरळ नाही सांगून ये. उद्या लोक विचारतील कोण, कुठला, कुणाचा, तर मी काय सांगू, एवढंच. अक्का, आई गेल्यावर तू मला वाढवलंस. तुझा शब्द मी आजवर मोडलेला नाही (लग्नसुद्धा तू दाखवलेल्या पहिल्याच मुलीशी केलं, आणि शरयूनेही ते निभावून नेलं). पण उत्तराही तुझीच भाची आहे. ती म्हणाली, तुम्ही नाही म्हणालात तर मी पळून जाऊन लग्न करणार नाही, पण मेडिकल संपलं की बॉस्टनला नोकरी घेईन आणि दिवाळीला फोन करीन. रडली नाही, ओरडली नाही. शांतपणे सांगितलं, अगदी तू सांगतेस तसं. तेव्हाच मी ओळखलं, कारण अशा आवाजात बोललेलं आपल्या घरात कोणी मागे घेत नाही.

नाही सांगायचं तरी अभ्यास करून सांगावं, हा माझा स्वभाव. मुलगा, इकेन्ना, नायजेरियाचा. त्या देशाबद्दल मला आजवर एवढंच ठाऊक होतं की बॉनी बंदरातलं कच्चं तेल हलकं असतं आणि त्यात गंधक कमी. माणसांबद्दल शून्य. म्हणून लायब्ररीतून एक जाडजूड, जुनं पुस्तक आणलं. मुलगा लागोसला वाढला हे उत्तराकडून कळलं होतं, आणि लागोस हा योरुबा लोकांचा मुलूख असं पुस्तकात होतं. झालं, मी योरुबांच्या मागे लागलो. अक्का, काय एकेक प्रकार. ओयोचं केवढं राज्य, केवढं घोडदळ, आणि राजा नकोसा झाला की सरदारमंडळी त्याला एक रिकामं भांडं पाठवायची. ते पोचलं की राजाने काय ते समजायचं आणि जीव द्यायचा. (हे मी जेवताना वाचून दाखवलं, तर शरयूने आमटीचं रिकामं पातेलं माझ्यासमोर आणून ठेवलं.) त्याच पुस्तकात उत्तरेकडचं कानोही पाहिलं. तिथे हौसा लोक, शहराला मातीची तटबंदी, कापड रंगवायचे निळीचे खड्डे, वाळवंट ओलांडून येणारे उंटांचे तांडे. बेनिनच्या पितळी मूर्ती पाहिल्या, ज्या इंग्रजांनी उचलून नेल्या (हात आपल्याकडे साफ केला होता तसाच तिथेही). पण जीव जडला योरुबांवर. एका पानावर लिहिलं होतं की थोरांसमोर योरुबा पुरुष जमिनीवर सपशेल पालथा पडतो. म्हणजे साष्टांग. आपला साष्टांग, अक्का. मला भरून आलं. ठरवलं, नाही सांगायचंच, पण आधी असा नमस्कार घालायचा की त्या घराने म्हणावं, माणूस नाही म्हणाला पण रीतीने म्हणाला. तसेही आपण मुलीकडचे.

इकेन्नाला आईवडील नाहीत. ह्यूस्टनला त्याचे काका आहेत, ओकोरो नावाचे, तिथल्या एका कॉलेजात गणित शिकवतात, आणि काकू हॉस्पिटलात नर्स आहेत. शनिवारी दुपारी निघालो. मी कोट-टायमध्ये, काखेत पुस्तक. मागच्या सीटवरून उत्तरा म्हणाली, "बाबा, प्लीज, जस्ट बी नॉर्मल." मी तिला काही कळू दिलं नाही. दार काकांनी उघडलं. उंच, करड्या केसांचा, चेहऱ्यावर रेघ न हलणारा माणूस. मी पुस्तक शरयूच्या हातात दिलं आणि गालिच्यावर आडवा झालो. आता माझं वय आणि पोट तू जाणतेस. जे सावकाश व्हायला हवं होतं ते एकदम झालं, आवाजासकट. पुढचं मला नीट दिसलं नाही. कोणीतरी मला उताणं केलं, टाय ओढून काढला, कॉलर फाडली, आणि नर्स काकू माझ्या छातीवर दोन्ही हातांनी दाबू लागल्या. हार्ट अटॅक समजल्या होत्या. मी नमस्कार करतोय हे सांगायला श्वास मोकळा नव्हता. इकेन्ना फोनकडे धावला. शेवटी शरयू इंग्रजीत म्हणाली की ते ठीक आहेत, ते पाया पडतायत. बरगडीचा खुलासा तुला झाला असेलच.

मला उठवून कोचावर बसवलं. काकांनी समोर बसून विचारलं, हे काय होतं. मी योरुबांचं पान सांगितलं. ते म्हणाले, आम्ही योरुबा नाही. आम्ही इग्बो, इमो राज्यातले, ओवेरीजवळच्या एका गावचे. लागोसला नोकरीसाठी राहिलो होतो. आमच्याकडे बहुतेक गावांत राजाच नव्हता, मग आडवं व्हायचं कोणापुढे? अक्का, मुंबईत राहणारा दिसेल त्याला मराठी समजणारे लोक मला चीड आणतात, आणि मी नेमकं तेच करून बसलो होतो. सावरायला म्हणून मी म्हटलं, तुमच्या देशाची सगळी राज्यं मला पाठ आहेत, बारा. उत्तरा खालच्या आवाजात म्हणाली, "नाइन्टीन, बाबा." काका म्हणाले, गेल्या महिन्यात आणखी दोन झाली, कात्सिना आणि अक्वा इबोम, आता एकवीस. मग त्यांनी मला विचारलं की आमच्याकडे ओणम कसा साजरा करतात. त्यांच्या शाळेत केरळचे एक मास्तर होते, त्यामुळे त्यांच्या लेखी भारत म्हणजे केरळ. मी चिडणार होतो, पण बरगडीने माझ्या चुकीची आठवण करून दिली.

काकूंनी मधल्या टेबलावर एक पांढरी ताटली आणून ठेवली. तिच्यात तांबूस रंगाच्या जाड बिया, आणि शेजारी वाटीत शेंगदाण्याची तिखट चटणी (हो, शेंगदाण्याची. वास थेट सोलापूरचा). त्या बियांना ते कोला म्हणतात, आणि आपल्या सुपारीसारखा तो घरच्या थोरल्याने फोडायचा असतो. काका ताटलीला हात लावेनात. इकेन्ना, चांगला सहा फुटी डॉक्टर, त्या ताटलीवरून नजर काढेना. उत्तरानेही त्याच्याकडे पाहून ताटलीकडे पाहिलं आणि हात मांडीखाली दाबून धरले. मला ओयोचं रिकामं भांडं आठवलं. काकू बोलता बोलता म्हणाल्या की यांनी इकेन्नासाठी आलेली अनंब्राची मुलगीसुद्धा परत पाठवली. भाषा एक, देव एक, पण राज्य अनंब्रा. अकरा वर्षांपूर्वीपर्यंत इमो आणि अनंब्रा एकच राज्य होतं, तरी. हे ऐकून मला त्या काकांबद्दल पहिल्यांदा आपुलकी वाटली. माणूस अगदी आपल्यातला निघाला.

मग त्यांनी शरयूजवळचं पुस्तक मागितलं आणि नकाशाचं पान उघडलं. जुना नकाशा, बारा राज्यांचा. एका ठिकाणी बोट ठेवलं आणि ते तिथेच राहिलं. म्हणाले, सदुसष्ट साली या रेघा ओढल्या, आणि आठवड्याच्या आत आमचा भाग फुटून निघाला, त्याचं नाव बिआफ्रा. मग युद्ध. अक्का, तुला आठवेल. आपल्या पेपरात पोट फुगलेल्या, काडीसारख्या हातापायांच्या मुलांचे फोटो यायचे, आणि तू तो पेपर लहानग्या उत्तराला दिसू न देता घडी घालून ठेवायचीस. इकेन्ना त्या मुलांतला. भावाच्या या मुलाला ओकोरो काकांनी खांद्यावर घेऊन गावोगाव पळवलं. स्वतःच्या दोन मुली काकूंच्या कडेवर होत्या. त्या राहिल्या नाहीत. हे त्यांनी फळ्यावर गणित मांडावं तसं सांगितलं, आवाज चढला नाही, उतरला नाही. काकू उठून आत गेल्या. मला रडू आलं ते मी लपवलं नाही.

पुस्तक मिटून ते म्हणाले, याला मी वाढवलंय, म्हणून नाही म्हणायचा हक्क माझा आहे, आणि आज मी नाहीच म्हणणार होतो. तुम्हीही तेच सांगायला आलात ना? तुमच्या चेहऱ्यावर दिसतंय. मी म्हटलं, हो, माझ्या थोरल्या बहिणीने तसं सांगून पाठवलंय. त्यांनी विचारलं, तिने तुम्हाला वाढवलं? मी म्हटलं, हो. मग त्यांनी काकूंना बाहेर बोलावलं, ताटली उचलली, एक कोला हातात धरला आणि इग्बो भाषेत प्रार्थना म्हणाले. (कोलाला इंग्रजी कळत नाही, असं काकूंनी माझ्या कानात सांगितलं.) त्यांनी तो फोडला. चार फाका निघाल्या. काकू म्हणाल्या, चार चांगल्या. ताटली माझ्यापुढे आली. मी एक तुकडा चटणीला लावून खाल्ला. कडू होता. सगळा चावून खाल्ला. काका म्हणाले, बोला, काय सांगायला आला होतात?

अक्का, मी म्हटलं, आमच्याकडे सुपारी फुटल्यावर बोलायचं काही राहत नाही.

उत्तरा, जी मला वर्षानुवर्षं इंग्रजीतच उत्तर देते, ती मराठीत म्हणाली, "बाबा, खरंच?" काकांनी हातातल्या उरलेल्या फाका पाहिल्या, मला पाहिलं, आणि हात पुढे केला. आता तूच सांग, मी काय करणार होतो? थोरल्या माणसाने, देवाचं नाव घेऊन, दोन्ही घरांसमोर सुपारी फोडली. आपल्या घराण्यात फुटलेली सुपारी कोणी परत जोडली आहे का? माझ्या हातात काही उरलं नाही. भाऊजींना नमस्कार, आणि हे पत्र त्यांना चष्मा लावूनच वाचायला दे.

तुझा,
पुर्षा

ता. क. उत्तराने वरचं वाचलं. ती म्हणते, बाबा, कोला कुठल्याही पाहुण्याला देतात, त्याने काही ठरत नाही, आत्याला चुकीचं लिहू नका. तेव्हा तुला हवं असेल तर अजून काहीच ठरलेलं नाही, हे मी प्रामाणिकपणे कळवतो.

आणखी एक ता. क. ते मला माहीत होतं. मी इग्बोंचंही पान वाचलं होतं, शुक्रवारीच. ताटली पुढे आली तेव्हा ते पान मला शब्दन् शब्द आठवत होतं, आणि तरी मी खाल्लं. सुपारीवर ढकलू नये म्हणून लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच तुझा शब्द मोडला, अक्का, आणि झोप चांगली लागली, याची मला लाज वाटते.

शेवटचं ता. क., आणि पत्र खरं यासाठीच लिहिलं. ओकोरो काका म्हणाले, ज्या बहिणीने तुम्हाला वाढवलं तिने हो म्हटल्याशिवाय माझाही होकार नाही. जानेवारीत ते, काकू आणि इकेन्ना सोलापूरला तुझ्याकडे येणार आहेत, सोबत कोला घेऊन. त्यांच्याकडे बायका तो फोडत नाहीत. मी सांगितलं, आमच्याकडे अक्काशिवाय कोणी काही फोडलेलं नाही. दार उघड, एवढंच मागतो. कोणी पाया पडेल अशी अपेक्षा ठेवू नकोस. आणि लोकांनी विचारलं कोण, कुठला, कुणाचा, तर सांग: इमो राज्यातला, ओवेरीजवळचा, आईवडील गेल्यावर घरच्या थोरल्यांनी वाढवलेला, आमच्या पुर्षासारखाच.