मिठाच्या पाण्यातली मेथी

आई, आज अकरावीच्या प्रॅक्टिकलला मेथीची जुडी घेऊन गेले होते. तू असतीस तर आधी देठ मोडून पाहिला असतास आणि असली भाजी घेतली म्हणून मला दोन शब्द ऐकवले असतेस. एका पेल्यात साधं पाणी, दुसऱ्यात मिठाचं. पेशीतलं पाण्याचं येणं-जाणं, म्हणजे परासरण, शिकवायला मला दरवर्षी मेथीच लागते.

मी स्वतः अकरावीत होते तेव्हाची ती संध्याकाळ आठवते. सायखेड्याच्या घरी ओट्यावर तू बाजारासाठी जुड्या बांधते आहेस आणि मी तुला पेशी शिकवते आहे. सगळे सजीव पेशींचे बनलेले, पेशी जन्मते ती पेशीतूनच, आणि तिच्याभोवती एक पातळ पडदा असतो, तो पाण्याला सहज जाऊ देतो, मिठाला नाही. तू हात न थांबवता म्हणालीस, "म्हंजी आत कुणाला घ्यायचं ते दारातच ठरतं. लय हुशार हाय तुझी पेशी." मी हुरळून गेले. मीठ पाणी ओढतं, एवढंच अर्धवट डोक्यात शिरलेलं. मिठामुळे पानं जास्त पाणी पितील असं ठरवून तुझ्या बादलीत मी गुपचूप चांगलं मूठ-मूठ मीठ टाकलं. तू रोजच्यासारख्या त्याच पाण्यात जुड्या बुडवल्यास आणि ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवल्यास.

सकाळी नाशिकच्या बाजारात गोणपाट उघडलं तर मेथीने माना टाकलेल्या. कॉलेजची वेळ होईपर्यंत मी तुझ्याजवळ बसायचे, म्हणून सगळं पाहिलं. तुझी मेथी म्हणजे ताजी, हे अख्ख्या बाजाराला ठाऊक. आणि तुझं नेहमीचं गिऱ्हाईक विचारतं, आज शिळी आणली का हो? तू खाली पाहिलंस. मग उठून शेजारणीचं घमेलं मागितलंस, नळाच्या पाण्यात जुड्या धुऊन उभ्या केल्यास. मी कॉलेज बुडवलं. तासाभरात निम्म्या जुड्या ताठ झाल्या. बाहेरचं मीठ पानातलंच पाणी ओढून घेतं, हे मला तिथे कळलं, आणि त्या आनंदात मी घाबरायचंही विसरले.

घरी आल्यावर मात्र आठवलं. तू सगळ्यांना सांगत होतीस, "चूक माझीच. फवारणीच्या औषधाची बादली घेतली आसंल." मी तोंड उघडलं आणि मिटलं. सायन्स सोड म्हणालीस तर, ही भीती. त्या दिवसापासून तू प्रत्येक बादली हुंगायला लागलीस. पुढे नातवाच्या आंघोळीची बादलीसुद्धा. आम्ही सगळे तुला हसायचो, आणि सगळ्यांत जास्त मी.

वर्गात ही गोष्ट मी 'एक मुलगी होती' म्हणून सांगते. पोरं खूप हसतात. आज वणीकडच्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, तिनं आईला सांगितलं का मग?"

मी म्हणाले, सांगितलं की, आई पोट धरून हसली. वर्ग खूश झाला. नंतर पेले धुवायला बादली घेतली आणि माझंच नाक तिच्याकडे वळलं.

हे पत्र प्रॅक्टिकलच्या वहीतच राहील. बादलीत मीठ मी टाकलं होतं, आई. आणि तू एवढी वर्षं हुंगत राहिलीस, पण मिठाला वास नसतो गं.