चेहरा तेवढा राहिला

२ नोव्हेंबर
सहादेव भंगारवाल्याने नगरच्या कुठल्याशा जुन्या बंगल्यातली ट्रंक आणली. तळाशी नऊ चित्रं. जपानी नटांची. डोळे तिरळे, तोंड वाकडं, भुवया अशा की फडातला सोंगाड्या लाजावा. लाकडी ठशांनी छापलेली, दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीची, असं मोबाईल सांगतो. तमाशाच्या फडांचे बोर्ड मी चाळीस वर्षं रंगवले. फ्लेक्स आला आणि ब्रश वाळले. देवाने मला रिकामं कशासाठी ठेवलं ते आज कळलं. संग्रह करायचा. जामखेड तालुक्यात पहिलाच. बहुधा जिल्ह्यातही.
बदल्यात न्हाणीतलं तांब्याचं घंगाळ दिलं. पुष्पावतीला सांगितलेलं नाही. योग्य वेळ बघून सांगेन.

३ नोव्हेंबर, सकाळी
अंघोळीच्या वेळी तिला कळलं. वेळ योग्य नव्हती.

८ नोव्हेंबर
पुष्पाच्या अन्ननलिकेत गाठ निघाली. डॉक्टर तरुण आहे, उगाच तोंड पाडून बोलतो. येताना एसटीत ती म्हणाली, "फडातल्या समद्या बाया रंगवल्या तुमी. आता माझं एक काढा. तोंडावर मांस हाय तवर."
म्हटलं, काढतो की, दोन दिवसांचं काम. आधी जपानी रेषेचा अभ्यास होऊ दे. मग तुझं नाक एका फटक्यात उतरेल.
ती म्हणाली, नाक पळून चाललं न्हाई.

१५ नोव्हेंबर
चित्रांना कसर लागू नये म्हणून लॅमिनेशन करून आणलं. रेशनकार्ड, जातीचा दाखला, मुलांची मार्कशीट, तालुक्यातला प्रत्येक मोलाचा कागद वैजनाथच्या मशीनमधून जातो. त्याने विचारलं, काका, ही कुठली पार्टी? एका नटाच्या पाठीमागे अभ्रकाची पूड होती, चांदण्यासारखी. मशीनच्या उष्णतेने ती विझली. पण वरून प्लास्टिकची चमक आली, तेव्हा नुकसान असं नाही.
पुष्पाचं चित्र सोमवारी नक्की.

२१ नोव्हेंबर
फ्रेमा करून नऊही नट ओळीने भिंतीवर लावले. पुष्पाची थोरली बहीण झुंबरबाई सोबतीला राहायला आलीय. आज अमावस्या. तिने अंघोळ करून सगळ्यांच्या काचांवर कुंकू लावलं, हात जोडले आणि विचारलं, ही दाजींच्या घरची का? एवढी एकाएकी कशानं गेली?
पुष्पा हसली. हसता हसता ठसका लागला तरी हसत राहिली. किती दिवसांनी. हेच हसू चित्रात धरायचं, असं ठरवलं. पण तेव्हा मी काचा पुसत होतो.

५ डिसेंबर
मोठा शोध. मोबाईलवर वाचलं की तिकडे नावाजलेला नट वारला की लगेच त्याचं चित्र छापत. फिकट निळे कपडे, मरणाची तारीख. लोक विकत घेऊन जपून ठेवत. आपल्या डावीकडून तिसऱ्याचे कपडे निळेच आहेत!
पुष्पाला सांगितलं. तिला आता पेजसुद्धा उतरत नाही. म्हणाली, "त्यांची माणसं बरी. लगीच काढत्यात."
ब्रश भिजत घातले. रॉकेल कुठे मिळालं नाही, थिनरमध्ये घातले.

१९ डिसेंबर
पुण्याच्या एका जाणकारांना फोटो पाठवले होते. त्यांचा फोन आला. नऊपैकी आठ कॅलेंडरची पानं आहेत म्हणे, खालच्या तारखा कुणीतरी कापल्यात. एक मात्र अस्सल आणि दुर्मिळ. अभ्रकवालं. त्यांनी विचारलं, त्यावर हे चकाकतंय काय? मी सांगितलं. त्यांनी फोन ठेवला. मला वाटलं, रेंज गेली.
मोठ्या शहरातल्या माणसांना तालुक्यात काही असलेलं बघवत नाही.

२ जानेवारी
आज बसलो. खरंच बसलो. झुंबरबाईने पुष्पाला हिरवं लुगडं नेसवलं, नथ घातली. नथ पेलेना, दोऱ्याने कानाला बांधली. खिडकीशी, उशीला टेकून ती तासभर बसली. जपानी पद्धतीप्रमाणे आधी वस्त्र घेतलं. काठ, चुण्या, पदर. असा पदर मी आयुष्यात काढलेला नाही. मान वर केली तर तिचे डोळे मिटलेले. गाल पार आत गेलेत.
चेहरा तेवढा राहिला. घाई नाही. थोडं अंग धरलं की काढू.
झुंबरबाई म्हणाली, दाजी, आजच काढा.
म्हटलं, उजेड गेला.

९ जानेवारी
पुष्पा गेली.

१९ जानेवारी
काल दहावा झाला. कावळा लगेच शिवला. लोक म्हणाले, तिची काही इच्छा राहिली नव्हती.
घरात तिचा फोटो एकच, आधार कार्डावरचा. कार्ड लॅमिनेशन केलेलं. वैजनाथने मोठा करून दिला. नुसता राखाडी डाग. पैसे घेतले नाहीत.

२० जानेवारी
सकाळी उजेड चांगला. चेहरा घ्यायला बसलो. डावीकडून तिसऱ्या नटाच्या बाहीवर किती पाकळ्यांचं फूल आहे ते डोळे मिटून सांगेन. पुष्पाच्या हनुवटीवर गोंदणाचा ठिपका एक होता की तीन, तिथे ब्रश अडला. दुपारपर्यंत अडला. शेवटी झुंबरबाईला विचारलं.
ती तांदूळ निवडत होती. हात थांबला. "हनुवटीवर न्हवतंच, दाजी. कपाळावर हुतं." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "कुंकवाखाली हुतं. दिसलं नसंल तुमाला."

२१ जानेवारी
आज तेरावा. पाहुणे येतील, भिंतीवर काहीतरी हवं. अस्सल नट उतरवून त्याच्या फ्रेमेत पुष्पाचं चित्र घातलं. हिरवं लुगडं, काठ, पदर, वर कोरा कागद. झुंबरबाईने त्या कोऱ्या जागेवर काचेवरून अंदाजाने कुंकू लावलं. मागे सरून बघितलं. म्हणाली, बरोबर बसलंय.
मला सांगता येत नाही.