मार्टलबीचा एकमेव खरा चाहता

१८ जानेवारी, शनिवार. सकाळी ६:१०
टॅव्हर्नमध्ये पोचलो तर माझ्या खुर्चीवर एक बाई. माझ्या! चौदा वर्षं या खुर्चीवर बसून मी भल्या पहाटे टीव्हीवर इंग्लंडच्या मार्टलबी टाउन या फुटबॉल क्लबला हरताना बघितलंय. बाहेर गुडघाभर बर्फ, सगळं मिलवॉकी पांघरुणात, आणि आत फक्त मी आणि एल्डन. टॅव्हर्न, म्हणजे हा बार, त्याचा. तो अंडी तळायचा, शेजारी येऊन बसायचा, आणि आम्ही दोघं मिळून रेफरीचा उद्धार करायचो. याला म्हणतात क्लबवर प्रेम.
बाई म्हणे, काका, इथे कुणी बसलंय का? कुणी बसलंय का! तळपायाची आग मस्तकात गेली.

त्याच दिवशी, दुपारी
चौकशी केली. बाईचं नाव जोलीन. दातांच्या दवाखान्यात कामाला. नोव्हेंबरात टीव्हीवर मार्टलबी क्लबवर एक मालिका आली, ती बघून ढसाढसा रडली, म्हणून आता ही मार्टलबीची! अशी त्रेचाळीस डोकी मोजली. सगळ्यांचे शर्ट नवेकोरे. सगळे फुटबॉलला सॉकर म्हणतात. कॉर्नर मिळाला तरी टाळ्या.
मी क्लब मनापासून निवडला होता. शर्ट अर्ध्या किमतीत होता आणि माझ्या मापाचा होता.
संकल्प: रागवायचं नाही. दुर्लक्ष करायचं.

२५ जानेवारी, शनिवार
दुर्लक्ष जमलं नाही. कर्ट नावाच्या एकाने सामना चालू असताना विचारलं, चीअरलीडर कधी येतात? ओरडलो. एल्डन मलाच म्हणाला, व्हर्न, लेका, हळू. गिऱ्हाईक आहे ते.
नवा संकल्प: प्रवेश परीक्षा. चाळीस प्रश्न. नापास तो बाहेर.

१ फेब्रुवारी, शनिवार
परीक्षा रद्द. एल्डन म्हणाला, आधी तू देऊन दाखव. मला वेळ नव्हता.

१५ फेब्रुवारी, शनिवार
एकसष्ट जण. जोलीन घरून क्रिंगल, म्हणजे सुका मेवा भरलेलं गोड वेटोळं, भाजून आणते. मी खाल्लं नाही. दोनच तुकडे खाल्ले, तेही तिला वाईट वाटू नये म्हणून.
गेल्या महिन्याभरात एल्डन एकदाही शेजारी बसलेला नाही. अडुसष्टाव्या वर्षी हातात सहा-सहा ग्लास घेऊन पळतोय बिचारा. गेल्या वर्षी टॅव्हर्न विकायला निघाला होता. विकला असता तर आज आरामात मासे पकडत बसला असता. या लोकांनी त्याला कामाला जुंपलंय. विचारलं तर म्हणतो, इतकं बरं वीस वर्षांत वाटलं नव्हतं. थकल्यावर माणूस काहीही बोलतो.

८ मार्च, शनिवार
मार्टलबी पुन्हा हरली. तळाला आलो. शेवटचे तीन संघ खालच्या लीगमध्ये ढकलतात, हे या नव्या लोकांना कुठे माहीत असणार! कर्ट सगळ्यांना छातीठोकपणे सांगत होता की शेवटचा नंबर आला तर मजाच, पुढच्या वर्षीचा सगळ्यात चांगला नवा खेळाडू आपल्याला मिळणार. आपल्या अमेरिकेत तसंच असतं ना! सगळ्यांनी माना डोलावल्या. जोलीनने मला विचारलं, हो ना हो, व्हर्नकाका?
मी म्हणालो, बघू या.
रात्री जेवताना डोक्यात लख्ख उजेड पडला. मार्टलबी खाली गेली, की ही मंडळी एका दिवसात गायब! खालच्या लीगची मालिका कोण बघतंय? पुन्हा मी आणि एल्डन. पुन्हा अंडी.
म्हणजे मार्टलबीचं भलं कशात आहे? हरण्यात. खऱ्या चाहत्याला कठोर व्हावं लागतं.

५ एप्रिल, शनिवार
जिंकलो. शेवटच्या मिनिटाला. एकसष्ट माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली. जोलीन माझ्याही पडली. काय वैताग आहे.

२० एप्रिल, ईस्टर
चर्चमध्ये मार्टलबी हरावी म्हणून प्रार्थना केली. बायको, डोरीन, म्हणाली, एवढे डोळे मिटून काय मागितलंस? शांतता, म्हटलं. खोटं नाही ते.

२५ मे, रविवार. दुपारी २
शेवटचा सामना. बरोबरी झाली तर वाचणार, हरलो तर खाली. अठ्ठ्याऐंशी मिनिटं झाली, शून्य-शून्य. मग समोरच्या संघाच्या एका उंच खेळाडूने चेंडूला डोकं लावलं आणि गोल.
मी उठलो. म्हणजे उडी मारली. दोन्ही हात वर. ओरडलोसुद्धा.
सगळे माझ्याकडे वळले. मग कर्ट ओरडला, व्हर्नकाकांना कळतं, म्हणजे हे आपल्या फायद्याचं आहे! आणि सगळ्यांनी उड्या मारल्या. एकसष्ट जण! टाळ्या, शिट्ट्या, कुणीतरी मला खांद्यावर घेतलं. मार्टलबी बुडत होती आणि मिलवॉकीत दिवाळी चाललेली.
खांद्यावरून खाली बघितलं तर एल्डन. तो एकटा उभा. हातातला ग्लास तसाच.
नंतर त्यानेच सगळ्यांना समजावलं, खाली जाणं म्हणजे काय. खेळाडू वगैरे काही मिळत नाही म्हणून. जोलीन मटकन खाली बसली. कर्ट रडला. मी एल्डनला सांगितलं, पायाला मुंग्या आल्या होत्या, म्हणून उठलो. हात वर का, तर तोल सांभाळायला.
तो ग्लास घेऊन आत निघून गेला. थकला असेल.
असो. मोहीम फत्ते. ऑगस्टात नवा मोसम, टॅव्हर्न आपला.

७ जून, शनिवार
डोरीन म्हणते, एल्डनला फोन कर. कशाला? त्यालाही सुट्टी हवी. आणि त्याने तरी कुठे केलाय?

९ ऑगस्ट, शनिवार
खालच्या लीगमधला पहिला सामना. रिकामा टॅव्हर्न डोळे भरून बघावा म्हणून अर्धा तास आधी गेलो. पाय ठेवायला जागा नाही. एकोणऐंशी! शर्ट आता नवे राहिलेले नाहीत, कॉलर मळल्यात. कर्ट रेफरीला शिव्या देत होता, आणि शिव्या बरोबर जागी होत्या. एल्डन जोलीनच्या शेजारी बसून अंडी खात होता.
मी भिंतीपाशी उभा राहिलो. पोस्टात काम करणारा एक नवा माणूस आला, हात पुढे करून म्हणाला, जोलीन सांगत होती, तुम्ही इथले सगळ्यात जुने. तुम्ही कधीपासून मार्टलबीचे?
मी छाती पुढे काढली, तोंड उघडलं. त्याआधी एल्डनच बोलला, माझ्याकडे न बघता, ताटलीतलं अंडं कापत. म्हणाला, तो मे महिन्यापर्यंत होता.
बियर अर्धी टाकून घरी आलो. तशीही कोमट होती.