बहिष्काराचा अध्यक्ष आणि सॉसेजचा चिमटा

वॉल्डहोम, विस्कॉन्सिन
जूनचा शेवटचा आठवडा

ती. लव्हर्नताईस,

धाकट्या एल्रॉयचा वाकून नमस्कार (कंबर वाकते तेवढाच, उरलेला मनातून). तुझा गुडघा कसा आहे? ॲरिझोनाच्या उन्हात सांधे मोकळे होतात म्हणून आम्हांला टाकून तिकडे गेलीस, ते होतायत का, की नुसतीच भाजून निघतेयस? इकडे तुझी भावजय मार्लिस मजेत आहे. मीही मजेत आहे, असं ती सगळ्यांना सांगते.

आमच्या बहिष्काराबद्दल तुझ्या कानावर काहीबाही आलं असेलच. मार्लिसचं ऐकू नकोस. तिच्या भावाचं, म्हणजे ड्वेनचं, तर मुळीच ऐकू नकोस. खरं काय ते मी लिहितो, आणि आधीच सांगून ठेवतो की मी माझ्या निर्णयावर ठाम आहे.

फेब्रुवारीत फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या मधोमध क्रुमविडे सॉसेजवाल्यांनी जाहिरात लावली. आपल्या गावच्या शेजारचाच कारखाना, त्यांची सॉसेजं खाऊन आपण वाढलो, म्हणून मी कौतुकाने आवाज मोठा केला. बघतो तर काय, सॉसेज कुठेच नाही! एक जहाज येतं, त्यातून दमलेभागलेले लोक गाठोडी घेऊन उतरतात, डोक्याला रुमाल बांधलेली एक बाई त्यांना टेबलाकडे बोलावते आणि तिच्या कसल्याशा भाषेत काहीतरी पुटपुटते. शेवटी अक्षरं उमटतात: ‘आमच्या टेबलावर जागा आहे.’ झालं! ड्वेन खुर्चीतून उठलाच. म्हणाला, बघितलंस, आता सॉसेजवाले आपल्याला सरहद्दीचं शिकवणार! मला तोवर त्यात सरहद्द दिसली नव्हती (मी सॉसेज शोधत होतो), पण त्याने सांगितल्यावर मला सरहद्दीशिवाय दुसरं काही दिसेना. देशात कुणी यावं, कुणी येऊ नये, हे सरकार बघेल, तुम्ही आपली आतडी भरा ना! त्याच आठवड्यात बहिष्कार समिती झाली. मी अध्यक्ष, ड्वेन उपाध्यक्ष. सभासद आम्हीच. अंगणात पाटी ठोकली: ‘या घरात क्रुमविडे शिजत नाही.’

पाटी ठोकणं सोपं होतं गं. मी दुसऱ्या कंपनीची सॉसेजं आणली, महिनाभर तोंड वाकडं करून खाल्ली, आणि मग मार्लिसने पाकिटामागची बारीक अक्षरं वाचून दाखवली, तीही क्रुमविडेंच्याच कारखान्यातली निघाली. (ती हे पहिल्या दिवसापासून जाणून होती. मला म्हणाली, तुझा उत्साह मोडवेना.) टर्की पक्ष्याच्या मांसाची आणली, ती कुत्र्याने हुंगली आणि माझ्याकडे बघून तो बाहेर निघून गेला. मग ड्वेन आणि मी घरीच करायला बसलो. निखाऱ्यांवर ठेवल्याबरोबर ती अशी फुटायला लागली की शेजारणीने गोळीबार समजून पोलिसांना बोलावलं. मार्लिस मात्र गॅरेजमध्ये क्रुमविडेंची सॉसेजं भाजून खाते. पाटीवर ‘घरात’ लिहिलंय, गॅरेजचं काही म्हटलेलं नाही, असा तिचा मुद्दा.

तरी मी डगमगलो नाही. पण मग तो शुक्रवार आला.

शुक्रवारी सगळं गाव आपल्या पबमध्ये तळलेले मासे खायला जमतं, ते तुला सांगायला नको. मी उभा राहून भाषण ठोकत होतो. म्हटलं, ती जाहिरातीतली बाई जी काय भाषा बोलते ना, ती ज्यांना बोलायचीय त्यांनी ती भाषा जिथली आहे तिथे खुशाल परत जावं! टाळ्या पडल्या. तेवढ्यात टीव्हीवर तीच जाहिरात लागली, पब गप्प झाला, आणि पहिल्यांदाच मला त्या बाईचे शब्द धड ऐकू आले. ती म्हणाली, ‘सेट्टीडाल.’

ताई, आपला सेट्टीडाल! स्वयंपाकघरातला आपला लांब बाक! मी ओरडलोच, की या चोरांनी आमच्या बाकाचं नावसुद्धा सोडलं नाही!

कोपऱ्यात प्रोख्नोवांची हुल्डाआजी बसली होती. तिने काटा खाली ठेवला आणि म्हणाली, “अरे वेड्या, बाक कसला? ‘सेट् दी दाल.’ खाली बस, असं म्हणतेय ती. आपली जुनी माणसं जहाजाने जर्मनीतल्या पोमेरेनियाहून आली, त्यांची बोली आहे ती. तुझी आजी तुम्हांला बाकाकडे बोट दाखवून सांगायची, बसा, जेवा. तुम्ही सगळे ठोंबे बाकालाच ते नाव देऊन बसलात.” मग चष्मा पुसत म्हणाली, “ही भाषा जिथली तिथे परत जायचं म्हणतोस, तर मी बॅग भरू का रे?”

पब असा हसला की भिंतीवरचं हरणाचं मुंडकं हललं. मला मात्र आजी आठवली. साठ वर्षं आपण तिला बाकाचं नाव सांगणारी बाई समजत होतो, आणि ती बिचारी आपल्याला बसा म्हणत होती. (गेल्या वर्षी तो बाक विकायला मी पेपरात ‘उत्तम स्थितीतला सेट्टीडाल’ अशी जाहिरात दिली होती. एकाचाही फोन आला नाही. का आला नाही, ते आता कळलं.) मला फार वाईट वाटलं ताई, आणि स्वतःचा रागही आला. पण अध्यक्षाने भर पबमध्ये शब्द मागे घ्यायचा म्हणजे नाकच कापलं जायचं, म्हणून मी म्हटलं, बहिष्कार चालूच राहील!

आणि लगेच अंगाशी आलं. जुलैत चर्चचा सॉसेजचा जेवणमेळा. निखाऱ्यांसमोर आधी बाबा उभे राहायचे, त्यांच्यानंतर चिमटा माझ्या हातात आला. मेळ्यात क्रुमविडेंचीच सॉसेजं असतात. पाद्रीबुवा हळूच म्हणाले, एल्रॉय, तुझ्या तत्त्वांचा आम्हांला आदर आहे, यंदा चिमटा ड्वेनकडे देतो. मी हसलो. म्हटलं, ड्वेन आमचा उपाध्यक्ष आहे, तो हात लावेल होय! ड्वेन म्हणाला, “मी भाजीन दाजी, खाणार नाही. चर्चसाठी एवढं तर करायलाच हवं.”

ताई, तो माणूस सॉसेजला काट्याने टोचतो! सगळा रस निखाऱ्यांत! बाबा असते तर त्यांनी त्याला चर्चच्या आवारात उभं केलं नसतं. पण असो. मी ठाम आहे. माझ्या जिवात जीव आहे तोवर अंगणातली पाटी हलणार नाही, हे तू तिकडे सर्वांना अभिमानाने सांग.

तुझा,
एल्रॉय

ता. क. पाटी वाऱ्याने जरा कललीय. मी मुद्दामच सरळ केलेली नाही.

ता. ता. क. हा भाग मार्लिसला कळू देऊ नकोस. येत्या शुक्रवारी जेवणाच्या वेळेला पबमध्ये फोन कर. फोन गल्ल्यामागे आहे, तुझा आवाज सगळ्या टेबलांना ऐकू जातो. मला बोलाव आणि थोरल्या बहिणीच्या हक्काने फर्माव, की हा बावळटपणा बंद कर आणि मुकाट्याने बाबांचा चिमटा हातात घे. मी माघार घेतली असं कुणी म्हणू शकणार नाही, कारण मी तुझा शब्द कधी मोडला नाही हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. पहिल्यांदा मी बाणेदारपणे नाही म्हणेन. म्हणून फोन ठेवू नकोस हं ताई, पाया पडतो, लगेच दुसऱ्यांदा ओरड.