जेनिफरच्या कॉम्प्युटरचा ताप

२ मे, शुक्रवार. सकाळी.

आजपासून रोजनिशी. मी सांगणार, माझा म्हातारा लिहिणार. बत्तीस वर्षं त्याने नोकरीत दुसऱ्यांची हजेरी लिहिली, आता घरची लिहू दे. वही कोणाला दाखवायची नाही. पण नोंद हवी, कारण काम फत्ते झालं की कार्मिन म्हणणार, मार्थाने काय केलं, आपोआप झालं. कार्मिन म्हणजे शेजारीण. मी ऊन पडलं म्हटलं तर ती पाऊस म्हणून छत्री शोधते.

काम असं. नात जेनिफर. मुलगा-सून कुवेतला, ती लहानपणापासून आमच्याकडे. कॉम्प्युटरवर हलणारी चित्रं काढते. पुण्याच्या एका स्टुडिओने तिच्याकडून चाळीस सेकंदांची फिल्म मागवली आहे, वीस तारखेपर्यंत. आवडली तर नोकरी, तीही घरी बसून. पण कॉम्प्युटर तापतो नि मध्येच बंद पडतो. काल म्हणाली, असंच चाललं तर पुण्याला जाऊन राहते, त्यांच्या मशीनवर करते. मी म्हटलं, जा की, तुला धरलंय कोणी!

रात्रभर विचार करून ठरवलं: कॉम्प्युटर गार करायचा.

संकल्प: सोमवारपर्यंत. या घरात गारव्यातलं कळणारी मी एकटी. बेचाळीस वर्षं वसईच्या बाजारात मासळी विकली. सकाळचं पापलेट, संध्याकाळी कल्ले लाल. कॉम्प्युटरला तर कल्लेही नाहीत.

३ मे, शनिवार.

कॉम्प्युटर नीट पाहिला. एका बाजूला काच, आत लाल-निळे दिवे, सणाला चर्चवर लावतात तसे. जेनिफर म्हणाली, आत शहाण्णव डिग्री. मी हात लावून पाहणार होते. तापाला हातच लागतो, आकडा काय करायचा! ती ओरडली, आजी, लांब!

मग तिने मोबाइलवर एका गोऱ्या माणसाचा व्हिडिओ दाखवला. त्याने घरीच वॉटर चिलर केला. टबात थंड पाणी, त्यात तांब्याच्या नळीचं वेटोळं, पंपाने नळीतलं पाणी कॉम्प्युटरपर्यंत जातं, गरम होऊन परत येतं, परत गार होतं. एवढं सांगायला वीस मिनिटं. मी म्हटलं, म्हणजे पेटीत बर्फ घालायचा नि पाणी फिरवायचं, हेच ना? जेनिफरने कपाळाला हात लावला. आदराने.

५ मे, सोमवार.

आज होणार होतं. झालं नाही. कारण माझी निळी बर्फाची पेटी कार्मिनच्या गच्चीवर निघाली, आत कढीपत्ता. म्हणाली, तूच दिली होतीस, चार वर्षं झाली. मी दिली नव्हती. ठेवायला दिली होती. कढीपत्ता उपटावा लागला, तेव्हा ती म्हणाली, गो मार्था, कॉम्प्युटर गार होईल तेव्हा होईल, आमचं कालवण मात्र आजपासून बेचव.

तांब्याची नळी तिच्याच मुलाकडून. स्टॅनी. वालीवला फ्रिज-एसी दुरुस्त करतो. तो नळी घेऊन आला, पंप बघितला, पाइप बघितले, नि म्हणाला, मार्था आंटी, पाणी फार थंड करू नका हां. आपल्याकडे हवा दमट. खोलीपेक्षा जास्त थंड झालं तर पाइपला बाहेरून पाणी सुटेल.

मी विचारलं, बाबा, थंडीच्या धंद्यात किती वर्षं? म्हणाला, अकरा. मी फक्त सरबत पुढे केलं. थंड न करणारा चिलर! उद्या हा न चावणारी सुरी आणेल.

संकल्प: बुधवार.

७ मे, बुधवार. दुपारी.

झाला! नळीचं वेटोळं स्टॅनीने वळवलं, पाइप जेनिफरने जोडले, बर्फ म्हाताऱ्याने आणला. म्हणजे सगळं मीच केलं. पंप सुरू झाला तेव्हा घुर्रर आवाज, मग शांत. जेनिफर आकडा बघत होती. शहाण्णव, अठ्ठ्याऐंशी, बहात्तर, एकसष्ट. तिथे थांबला.

जेनिफरने माझ्या दोन्ही गालांची पापी घेतली. म्हणाली, आता पुण्याला जायची गरजच नाही. मी म्हटलं, जायचं तर जा गं, माझं काही नाही.

कोणाला सांगितलं नाही. फक्त कार्मिनला. आणि बाजारातल्या बायकांना. आणि चर्चमधून येताना फादरना, त्यांच्याकडे संगीताचा कॉम्प्युटर आहे म्हणून.

८ मे, गुरुवार.

फिल्म पुढे सरकते आहे. कॉम्प्युटर एकेक चित्र रंगवत बसतो, त्याला रेंडर म्हणतात. दिवसाला चार-पाच सेकंदं होतात. जेनिफर म्हणाली, आजी, एकसष्टच पुरे, आणखी खाली नको. पोरांना थोडक्यात समाधान. मी हो म्हटलं.

संकल्प: वीस डिग्री.

१० मे, शनिवार.

बर्फ टिकत नाही. सकाळची लादी दुपारी पाणी. दोन वेळा बर्फ आणून म्हाताऱ्याची पाठ धरली आहे, तरी लिहितो आहे, कारण लिहायला पाठ लागत नाही. गोणपाटात बर्फ घालून मी स्वतः मोगरीने फोडते. कार्मिन खिडकीतून म्हणाली, तुमच्या घराला परत बाजाराचा वास येतो गो. मी म्हटलं, वास नाही, नाव आहे ते.

आकडा अठ्ठावन्न. तीनच डिग्री कमी झाली. काहीतरी राहतं आहे. काय ते सुचत नाही.

११ मे, रविवार.

सुचलं. चर्चमध्ये मिस्सा चालू असताना सुचलं, म्हणून वरून आलं असणार. मीठ! माझ्या लग्नात आइस्क्रीमचं मशीन हाताने फिरवलं होतं. लाकडी बादली, मध्ये दुधाचा डबा, बाजूला बर्फ, आणि त्या बर्फात जाडं मीठ. मिठाशिवाय नुसतं थंड दूध. मीठ पडलं की घट्ट. त्या गोऱ्याने व्हिडिओत मिठाचं नावही काढलं नव्हतं. कारण त्याचं लग्न माझ्यासारखं पाचूबंदरला झालेलं नाही.

जेनिफरला सांगितलं नाही. मुलीला आधीच टेन्शन.

१३ मे, मंगळवार. सकाळी सव्वानऊ.

जेनिफर विरारला गेली, कॉलेजातून दाखला आणायला. संध्याकाळी येणार. एकतीस सेकंदं झाली, नऊ उरली, कॉम्प्युटर चालूच आहे. जाताना तीनदा सांगून गेली, आजी, कशाला हात लावू नको, सत्तरच्या वर गेला तरच बर्फ घाल. आकडे मला वाचता येत नाहीत, म्हणून म्हाताऱ्याला समोर बसवलं आहे.

साडेनऊ.

मीठ घातलं. दोन ओंजळी.

सव्वादहा.

चौतीस! म्हातारा चष्मा पुसून परत बघतो आहे. आणखी एक ओंजळ.

साडेअकरा.

एकोणीस. कार्मिनला बोलावून दाखवलं. म्हणाली, काचेवर धुकं कशाने आलं गो? मी म्हटलं, महाबळेश्वरला पैसे देऊन बघायला जातेस ना, इथे फुकट बघ.

बारा चाळीस.

मोठी गोष्ट. कॉम्प्युटरला घाम आला! पाइपवर थेंब, काचेवर थेंब, आतल्या काळ्या पट्टीवर टपटप. म्हातारा घाबरला, म्हणाला, जेनिफरला फोन करतो. मी हात धरला. या माणसाला बाप म्हणून, आजोबा म्हणून काही आठवत नाही. जेनिफर सहा वर्षांची असताना तीन दिवस ताप उतरेना. मी उशाशी बसून. तिसऱ्या दुपारी कपाळावर घाम फुटला, आणि डॉक्टर म्हणाले, आता काळजी नाही. घाम आला म्हणजे ताप बाहेर पडला. हे कोणत्याही बाईला विचारा.

पुसायचा नाही. येऊ द्यायचा. वारा लागू नये म्हणून पंखा बंद केला, खिडकी लावली, नि वरून माझी जाड चादर घातली. पवित्र मरियेला नमन केलं.

एक वाजून दहा.

आकडा नऊ होता. आता आकडाच नाही. ताप मोजायची गरजच संपली.

दीड.

पडदा काळा. दिवेही मालवले. झोपला बिचारा. अकरा दिवसांचा ताप, थकणारच. आम्ही दोघं पाय न वाजवता चालतो आहोत. टीव्हीचा आवाज बंद करून जेवलो. कार्मिनला स्वयंपाकघराच्या खिडकीतून खूण केली, मिक्सर लावू नको.

संध्याकाळी सहा.

जेनिफर आली. तिने चादर काढली.

प्लग काढला नि टॉवेलने एकेक थेंब टिपत बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

१४ मे, बुधवार.

स्टॅनीने येऊन उघडलं. जळका वास. म्हणाला, बाहेरून पाणी सुटलं, आत शॉर्ट झालं, मदरबोर्ड गेला. आंटी, मी सांगितलं होतं. मी म्हटलं, हळू सांगितलं होतंस. सांगायचं तर माणसाने ठासून सांगावं.

चूक कोणाची ते शांतपणे पाहिलं. कॉम्प्युटरला एवढा घाम यायचं कारण नव्हतं, आतून कच्चाच असणार. म्हाताऱ्याने माझा हात झटकून फोन करायला हवा होता. बत्तीस वर्षं साहेबाचं ऐकून माणसाचं असं होतं. आणि कार्मिन धुकं बघायला आली तेव्हापासूनच बिघडलं.

एक बरं झालं. डिस्क वाचली, एकतीस सेकंदं तिच्यात आहेत. जेनिफरने पुण्याला फोन केला. ते म्हणाले, डिस्क घेऊन या, उरलेलं इथे करा.

१५ मे, गुरुवार.

गेली. फक्त पाच दिवसांसाठी. बॅग जरा मोठी होती, पण लहान बॅगेची चेन खराब आहे. दारात मला जवळ घेऊन म्हणाली, आजी, तू मुद्दाम थोडंच केलंस. मी म्हटलं, माझी बाय, तू येईपर्यंत हा कॉम्प्युटर नवा करून ठेवते.

संकल्प: तिला फोन करायचा नाही, काम करू द्यायचं.

संध्याकाळपर्यंत तीन फोन. त्यातला एक चुकून लागला.

१६ मे, शुक्रवार.

स्टॅनी म्हणतो गेला. गेला म्हणजे काय, ओला झाला. ओलं वाळतं. बोंबील पाण्याचाच बनलेला, तरी खडखडीत वाळतो. मदरबोर्ड गच्चीवर बांबूला बोंबलांच्या रांगेत टांगला. नीट, दोन चिमटे लावून.

कार्मिन तिच्या गच्चीच्या कठड्याशी आली. मग विचारलं, गो मार्था, ह्याची चटणी करतेस की कालवण?

जेनिफरला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. चार दिवसांत पहिल्यांदा हसली. इतकी हसली की बाजूच्या दोन मुली बघायला आल्या. म्हणजे तिथे मुली आहेत. चांगल्या दिसल्या. केस फार मोकळे.

१८ मे, रविवार.

तीन उन्हं दिली. मांजराने एकदा चाटला, बाकी काही नाही. खडखडीत. स्टॅनीने नको नको म्हणत जागेवर बसवला. बटण दाबलं. घरातले दिवे गेले.

वायरिंग जुनं आहे. ते आधी बदलायला हवं.

२० मे, मंगळवार.

जेनिफरचा फोन. फिल्म वेळेत गेली, आवडली, नोकरी लागली. म्हातारा टाळ्या वाजवत उठला, पाठ विसरून. मीही आनंदाने बोलले. आवाज जरा बसला होता, बर्फामुळे.

विचारलं, मग कधी येतेस? म्हणाली, घरून काम करायचं तर चांगलं मशीन हवं, आजी. नवं घेईपर्यंत ऑफिसमध्येच बसते. त्या दोन मुलींच्या खोलीत तिसरी कॉट रिकामी आहे. तोपर्यंत तिथेच.

तोपर्यंत. म्हणजे तात्पुरतं. म्हाताऱ्याला दोनदा समजावलं. तो हो हो म्हणाला नि खिडकीशी जाऊन उभा राहिला.

२३ मे, शुक्रवार.

सकाळी जेनिफरचा फोन. म्हणाली, आजी, मशीन तापू नये म्हणून ऑफिसमध्ये दिवसभर एसी इतका वाढवून ठेवतात की बोटं आखडतात. तुझ्याकडे स्वेटर आहे का? पाठवतेस?

मी म्हटलं, पाठवते की, आजच.

सगळी कपाटं पाहिली. वसईत स्वेटर कुठून असणार! आयुष्यात कधी लागला नाही. बाजारातल्या बायकांना विचारलं, त्या माझ्या कपाळाला हात लावून बघायला लागल्या. मेमध्ये स्वेटर मागते म्हणून.

शेवटी कार्मिनकडे गेले. ती उटीला जाऊन आलेली आहे. स्वेटर माझ्यासाठी की काय, हे तिने विचारलं नाही. पेटीतून काढला, झटकला, बटणं लावून घडी घातली. मरून रंगाचा, चांगला जाड. मी म्हटलं, धुऊन परत देते. म्हणाली, नको गो, पोरीला आता रोज लागेल.

मी म्हटलं, रोज कशाला, महिन्याभरात परत येते ती.

कार्मिन हो म्हणाली.

चाळीस वर्षांच्या शेजारात माझ्या बोलण्याला कार्मिन पहिल्यांदाच हो म्हणाली.