अँबेसिडरच्या घड्याळाचा आवाज

मामा,
सविनय जयभीम.

तुमच्या अँबेसिडरचं घड्याळ मी दुरुस्त केलेलं नाही. उघडताना त्याची बारीक स्प्रिंग माझ्याच चिमट्यानं तुटली. मग जुन्या डबीत, जुन्याच काट्यांमागे, सेलवरचं नवं यंत्र बसवलं.

जुनं घड्याळ थोड्या थोड्या वेळानं 'कट्' वाजून स्वतःच स्वतःला चावी द्यायचं. नवं तसं वाजत नाही. काल कळंबच्या बाजारात तुम्ही सगळ्यांना सांगत होता, "भाचीनं केलंय. इंजिनिअर हाय ती." मग गाडीत बसल्यावर हळूच विचारलंत, "श्रावस्ती, त्याचं कट् मला ऐकू येईना. तुला येतंय का गं?"

मी "येतंय" म्हणाले.

आज तुम्ही धाराशिवला कानाच्या डॉक्टरकडे निघालात आणि सोबत मला बोलावलंत. तुमचे कान शाबूत आहेत, मामा. हे पत्र पर्समध्ये ठेवून मी तुमच्या शेजारी बसणार आहे.

तुमची भाची,
श्रावस्ती