नीमाला लावलेलं कुंकू

प्रिय चारूताई, पुण्याहून तुझ्या शैलाचा नमस्कार.

मी बरी आहे, फक्त थकले आहे. बऱ्हाणपुरात थंडी कशी आहे? तुझे गुडघे?

आपली नात ऋजुता आणि टांझानियाची तिची मैत्रीण नीमा यांनी कॉलेजात आफ्रिकी नाचाचा गट काढलाय. सोसायटीने हळदीकुंकवाला आग्रहाने नाचायला बोलावलं. टाळ्या, फोटो सगळं झालं. कुंकू लावताना मात्र नीमाला वगळलं. मला, विधवेला, तर नेहमीच वगळतात.

मी करंडा उचलून तिला कुंकू लावलं.

"आजी, तुम्ही?" मघापासून कुंकू लावणारी शेजारीण म्हणाली.

"तुमच्या हाताला मघाशी काय झालं होतं?" मी विचारलं.

लावणारीला उलट कुंकू लावायचं, हे ऋजुताने नीमाला शिकवलेलं. तिने मला लावलं.

मी पुसलेलं नाही. अशीच तुझ्या घरी आले तर दार उघडशील ना?

तुझीच,
शैला